माडाची सुई हातात आली, त्यानंतरचे चौदा महिने

माडाच्या शेंड्यात मधोमध ताठ उभी असते ती सुई, म्हणजे अजून न उलगडलेली सगळ्यात कोवळी झावळी. कोल्हापुरात फुलेवाडीतल्या आमच्या परड्यात दोन बाणवली, म्हणजे उंच जातीचे माड आहेत. त्यांतल्या एकाची सुई २८ जुलै २०२४ च्या रविवारी तपकिरी पडून एका अंगाला कललेली दिसली. बाकीच्या झावळ्या हिरव्यागार, नारळाच्या पेंडी भरलेल्या. खालून सहज बघणाऱ्याला झाड ठणठणीत वाटावं असं. म्हणूनच हा रोग, कोंबकूज, बहुतेक वेळा उशिरा कळतो. कोंब कुजला तरी खालच्या झावळ्या कित्येक महिने हिरव्या राहतात, लागलेले नारळही पिकतात.

तो आठवडा कोल्हापुरात पुराचा होता. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली होती आणि पाऊस दिवसरात्र चालू होता. कोंबकुजीला हवं असतं ते नेमकं हेच: गार, दमट हवा आणि शेंड्याच्या पेल्यात सतत साठलेलं पाणी. रोग करणारी बुरशी फायटोप्थोरा पाल्मिव्होरा. तिचे बीजाणू पाण्यात पोहतात, त्यामुळे पावसाच्या थेंबाबरोबर ते एका शेंड्यातून दुसऱ्या शेंड्यात जातात. दोन माडांत अंतर वीस फुटांचं होतं. एकाला लागण झाली म्हणजे दुसऱ्याचीही काळजी त्याच दिवसापासून घ्यायची.

पहिला प्रश्न होता तो हे कोंबकूजच आहे का, हा. सुई वाळण्याची आणखी दोन नेहमीची कारणं असतात. गेंडा भुंगा शेंडा पोखरतो तेव्हा पुढे उघडणाऱ्या झावळ्यांवर कात्रीनं त्रिकोण कापल्यासारख्या खाचा दिसतात आणि भोकातून चघळलेला भुसा बाहेर येतो. सोंड्या भुंगा असेल तर खोडावर भोकं, त्यातून ओघळलेला तांबूस चिकट रस, आणि खोडाला कान लावला तर आत कुरतडल्याचा आवाज. आमच्याकडे दुर्बिणीतून खाचा दिसल्या नाहीत, खोडही कोरडं होतं. खरी खात्री मात्र वर चढून सुई ओढल्याशिवाय होत नाही.

आणि इथंच अकरा दिवस गेले. कोल्हापुरात माडावर चढणारी माणसं कमी, पावसाळ्यात तर मिळतच नाहीत. ओल्या खोडावर चढायला चांगला पाडेली नकारच देतो आणि तो नकार योग्यच आहे, त्याला आग्रह करू नये. रत्नागिरीकडून इथं येऊन राहिलेले एक मामा ८ ऑगस्टला सकाळी, दोन दिवस उघडीप मिळाल्यावर आले. कमरेला दोर, दुसरा दोर खालून सामान वर घ्यायला. वर पोचल्यावर पाचव्या मिनिटाला त्यांचा आवाज आला, "वैनी, सुई हातात आली बगा. वास बगा कसा सुटलाय!" सुईचं बूड खाली टाकलं ते पांढरट, लिबलिबीत झालं होतं आणि सडलेल्या मांसासारखा वास पंचवीस फूट खालीही येत होता. सुई ओढल्यावर अल्लद निघणं आणि हा वास, या दोन गोष्टी एकत्र आल्या की निदान झालं.

इथं माडाबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण पुढचं सगळं तिच्यावर ठरतं. आंबा-फणसाला फांद्याफांद्यांवर डोळे असतात, एक तोडली तर दुसरी फुटते. माडाला वाढीचा बिंदू एकच, तोही शेंड्याच्या आत खोलवर. तो मेला की झाड मेलं. पण सुई निघून आली म्हणजे तो मेलाच असं नाही. सुईचं कुजलेलं बूड आणि वाढीचा बिंदू यांच्यामध्ये अजून बाहेर न आलेल्या कितीतरी कोवळ्या पानांचे थर असतात. कूज वरून खाली उतरत असते. ती बिंदूपर्यंत पोचायच्या आत थांबवायची, एवढंच माणसाच्या हातात असतं. बॉटल पाम, फॉक्सटेल, रॉयल पाम या बागेतल्या एकखोडी पामांनाही हेच लागू. बुडातून अनेक खोडं फुटणाऱ्या अरेका पामचा एखादा कोंब गेला तर मात्र बाकीचे झाड चालवतात.

दंव पडणाऱ्या देशांतले पाम लावणारे याच प्रसंगातून जातात. फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडून गेली की तिथले बागवाले सगळ्यात आधी सुई ओढून बघतात. थंडीनं मेलेल्या पेशींत बुरशी आणि जिवाणू शिरतात आणि पुढची कूज अगदी आपल्यासारखीच होते. तिथला उपायही तांब्याचाच: शेंड्यात ताम्रयुक्त बुरशीनाशक आणि दहा दिवसांनी पुन्हा एकदा. नंतर उन्हाळा मधोमध येईपर्यंत झाडाला मेलं म्हणायचं नाही. हा शेवटचा भाग आम्हाला पुढे फार उपयोगी पडला.

आता त्या दिवशी काय केलं ते. आम्ही लावलं ते बोर्डो मलम, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याचं बुरशीनाशक. ते आदल्या दिवशी करून ठेवून चालत नाही, ते त्याच दिवशी वापरावं लागतं. म्हणून मामा वर साफसफाई करत असताना खाली तयारी केली. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात विरघळवायचा, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये फोडून गाळून घ्यायचा. दोन्ही भांडी प्लास्टिकची. लोखंड किंवा जस्ताची बादली अजिबात नको, मोरचूद ती खातो. मोरचूद थंड पाण्यात लवकर विरघळत नाही. कापडात पुरचुंडी बांधून पाण्याच्या वरच्या भागात टांगून ठेवली की अर्ध्या तासात काम होतं. चुना फोडताना तो उकळतो, तेव्हा पूर्ण गार होऊ द्यायचा. मग निळं पाणी हळूहळू चुन्याच्या निवळीत ओतत लाकडी काठीनं ढवळायचं. आकाशी रंगाचं दाट मलम तयार होतं. त्यात घासलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून काढायचा. खिळ्यावर तांबूस पुट चढलं तर मोकळं तांबं शिल्लक आहे, ते कोवळ्या गाभ्याला भाजेल. अजून चुना घालायचा. आमच्या पहिल्या घाण्यात खिळा तांबूस झाला, कारण दुकानातला चुना जुना, हवेनं मेलेला होता. आणखी दोन मुठी घातल्यावर खिळा स्वच्छ निघाला. हातमोजे आणि चष्मा घालूनच हे करावं. मोरचुदाचं पाणी डोळ्यात गेलं तर इजा मोठी होते, आणि उरलेलं विहिरीत किंवा माशांच्या टाकीकडे जाऊ द्यायचं नाही, मासे मरतात.

वर मामांनी सुईशेजारच्या दोन कोवळ्या झावळ्या कापून वाट मोकळी केली. हिरवी झावळी खोडालगत कापू नये, तीन-चार फूट देठ ठेवावा. ताज्या जखमेच्या वासाला सोंड्या भुंगा येतो आणि खोडात अंडी घालतो. मग लांब पात्याच्या सुरीनं कुजलेला भाग खरवडून पिशवीत. सुरी दर दोन-तीन वेळा स्पिरिटनं पुसायची. कुठं थांबायचं याची खूण सोपी आहे: पांढरा, करकरीत, ओल्या खोबऱ्यासारखा गोडसर वासाचा गर लागला की थांबायचं. तपकिरी रेघ दिसत असेल तर अजून खाली. आमच्या झाडात वीतभर खोल जावं लागलं आणि तिथं पांढरा गर लागला. मामा म्हणाले, "जिता हाय अजून." खड्ड्यात साठलेलं पाणी जुन्या सुती धोतराच्या बोळ्यांनी टिपून घेतलं. ओल्या भागावर मलम बसत नाही, ही पायरी गाळू नये. मग ब्रशनं मलम, खड्ड्याच्या तळाला आणि सगळ्या कडांना. त्यावर रुंद तोंडाचं मातीचं मडकं उपडं. ही जुनी रीत आहे आणि प्लास्टिकपेक्षा चांगली, कारण पाऊस अडतो पण आतली वाफ मातीतून निघून जाते. मडकं वाऱ्यानं हलू नये म्हणून काथ्यानं दोन झावळ्यांच्या देठांना बांधलं. काढलेली सगळी घाण पिशवीतच खाली उतरवून आवाराबाहेर जाळली. ती परड्यात पुरली असती तर पुढच्या पावसात पुन्हा तेच.

दुसऱ्या माडावर त्याच दिवशी एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण फवारलं: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, १० लिटर पाणी. सगळं मिळून अडीच तास. मामांची मजुरी १,२०० रुपये, अर्धा किलो मोरचूद १९० रुपये, चुना ४०, मडकं १५०.

१८ ऑगस्टला मामा पुन्हा चढले. दुसरी फेरी चुकवू नये असं आता ठामपणे वाटतं, कारण खड्ड्याच्या एका कडेला रुपयाएवढा तपकिरी डाग राहिला होता. तेवढा खरवडला, कोरडा केला, ताजं मलम लावलं. तिसरी फेरी १२ सप्टेंबरला, गौरी-गणपतीच्या धामधुमीत. त्या वेळी सगळं कोरडं, वास नाही. त्यानंतर तांबं थांबवलं. पुन्हापुन्हा मलम लावलं तर तांबं साठून कोवळा कोंबच करपतो. काहीतरी करत राहावंसं वाटतं, पण या टप्प्याला हात आवरावाच लागतो.

त्या तिसऱ्या फेरीत एक काम केलं ज्यानं पुढचे सहा महिने सोसवले. खड्ड्यातल्या कापलेल्या पानांच्या थोटकांवर आणि शेजारच्या जुन्या झावळीच्या देठावर एकाच पातळीत लाल ऑइल पेंटची आडवी रेघ मारली. जुना देठ वाढत नाही. वाढीचा बिंदू जिवंत असेल तर आतून येणारी पानं मधल्या थोटकांना वर ढकलतात आणि मधली रेघ बाजूच्या रेघेच्या वर सरकते. डोळ्यांनी "वाढल्यासारखं वाटतंय" म्हणण्यापेक्षा हे मोजमाप कितीतरी बरं. पेंट ६० रुपये.

मधल्या काळात शेजारच्या काकांना झाड आपल्या पत्र्यावर पडेल अशी धास्ती वाटू लागली. ती खोटी नव्हती. कोंब मेलेला माड वर्ष-दोन वर्षांत झावळ्या टाकून नुसता खांब होतो, आणि कुजत गेलेला खांब कधी पडेल सांगता येत नाही. शहराच्या हद्दीत झाड तोडायला १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानं वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, मग ते स्वतःच्या परड्यातलं असो की वाळत चाललेलं. म्हणून काकांच्या समाधानासाठी आणि गरज पडलीच तर उशीर नको म्हणून २३ सप्टेंबरला महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज दिला. सोबत घरफाळ्याची चालू पावती, मालमत्ता पत्रकाची प्रत, झाडाचे चार बाजूंनी फोटो आणि तोडण्याचं कारण. फोटोत झाड आणि शेजारचं छप्पर दोन्ही एकत्र दिसतील असे घ्यावेत. आमचे पहिले फोटो नुसत्या शेंड्याचे होते, ते बदलून मागितले. आवक क्रमांक असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

पाहणी १४ ऑक्टोबरला झाली. खोड ठोकून बघितलं, कल मोजला, छपरापासूनचं अंतर टिपलं. आम्ही तिन्ही फेऱ्यांच्या तारखा आणि फोटो दाखवले. खोड भरीव आहे, कल नाही, तर सहा महिने थांबायला हरकत नाही असं पाहणीला आलेल्यांनीच सुचवलं. काकाही तिथंच होते. त्यांनी एकच अट घातली, पत्र्याकडच्या पेंडी आधी उतरवा. ती रास्त होती, पुढच्या फेरीत उतरवल्या. अर्ज मागे घ्यायलाही लेखी पत्र द्यावं लागतं, नाहीतर तो नोंदीत तसाच राहतो. तोडणाऱ्यानं सांगितलेला दर ७,००० रुपये होता.

२४ ऑक्टोबरला मामांनी टेप लावली: मधली रेघ दोन सेंटिमीटर वर. घरात त्या दिवशी दिवाळीआधीच दिवाळी झाली.

मग थंडी आली आणि रेघ थांबली. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. कोल्हापूरला थंडीत रात्रीचं तापमान पंधराच्या आसपास उतरतं. त्यानं माड मरत नाही, पण सरासरी २७ अंशांवर खुश असणारं हे झाड अशा हवेत वाढ फार मंद करतं. धडधाकट माड दर महिन्याला साधारण एक झावळी काढतो, तोही थंडीत रेंगाळतो. मग शेंडा गमावलेल्या झाडाकडून काय अपेक्षा करायची? तरीही गच्चीवरून रोज बघणाऱ्याचा धीर सुटतो, कारण याच काळात जुन्या झावळ्या आपल्या वयानं गळत राहतात आणि वर नवी येत नाही. ऑगस्टात २८ झावळ्या होत्या, जानेवारी अखेर २१. हे मोजलेलं असू द्या, म्हणजे झाड "झपाट्यानं वाळतंय" असं कुणी म्हणालं तर उत्तर देता येतं. हिरवी झावळी एकही तोडू नका. नवीन पान येईपर्यंत झाडाचं पोट त्याच भरत असतात.

या महिन्यांत दिलेले सल्ले अनेक होते. शेंड्यात मीठ भरा, युरिया टाका म्हणजे जोर धरेल. मीठ उघड्या गाभ्यावर घालायला आमचा ठाम विरोध होता. युरियाही नाही, कारण नत्रानं येणारा लुसलुशीत कोंब बुरशीला आयताच सापडतो आणि ज्या झाडाला नवं पानच नाही ते खत घेणार तरी कशानं? फक्त पाणी: पावसाळा संपल्यावर आळ्यात दर चार-पाच दिवसांनी दोनशे लिटर, आणि आळ्यात वाळक्या झावळ्यांचं आच्छादन. आळं खोडापासून सहा फुटांपर्यंत हवं. खोडाला चिकटून पाणी घालून उपयोग नाही, खाणारी मुळं दूर असतात.

१६ फेब्रुवारीला रेघ सहा सेंटिमीटरवर. होळीच्या सुमारास मडक्याची कड उचललेली दिसली. मडकं काढलं तेव्हा खाली फिकट पिवळा, बोटभर जाडीचा कोंब उभा होता. गुढीपाडव्याच्या आठवड्यात, मार्च अखेर, पहिली झावळी उलगडली. ती जेमतेम दोन फुटांची होती, पाती एकमेकांना चिकटलेली, टोकं कापल्यासारखी. अशीच येते. कुजीच्या वेळी ते पान आत बनत होतं आणि सुरीचा, मोरचुदाचा मार त्यालाच बसला होता. वेडंवाकडं आहे म्हणून ते कापू नये. दुसरी झावळी मेमध्ये आली, चार फुटांची, टोकाला चुण्या पण पाती सुटी.

प्रतिबंधक फवारणी पावसाआधी म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात ठरवली होती. २०२५ मध्ये पाऊसच मेमध्ये आला, मान्सून २५ मेला महाराष्ट्रात दाखल झाला आणि मामांचा दिवस वाहून गेला. आता कॅलेंडरवर १० मे लिहून ठेवलंय. जूनमध्ये उघडीप मिळाली तेव्हा दोन्ही माडांवर एक टक्का बोर्डो फवारलं आणि वरच्या झावळ्यांच्या बेचक्यांत मॅन्कोझेब या बुरशीनाशकाच्या पुड्या बांधल्या. दोन ग्रॅमची पुडी, प्लास्टिकच्या पिशवीला सुईनं भोकं. प्रत्येक सरीबरोबर थोडं थोडं औषध शेंड्यात उतरत राहतं. मॅन्कोझेब १०० ग्रॅम ७० रुपये, मामा १,००० रुपये. त्याच महिन्यात, दोन पानं उघडल्यावर, पहिल्यांदा खत: पूर्ण वाढलेल्या माडाची वर्षाची मात्रा नत्र ५००, स्फुरद ३२०, पालाश १,२०० ग्रॅम अशी आहे. आम्ही नत्र आणि स्फुरद पाव मात्रेत दिलं, पालाश अर्धा, म्हणजे एक किलो म्युरेट ऑफ पोटॅश. पालाशानं पेशी कणखर होतात आणि थंडी, रोग दोन्ही सोसायची ताकद येते. उरलेलं ऑक्टोबरमध्ये.

ऑगस्ट २०२४ पासूनचा सगळा खर्च खत सोडून ४,९१० रुपये, त्यातले ४,४०० नुसती चढण्याची मजुरी. सगळ्याच फेऱ्यांना मामाच होते. दर वेळी नवा माणूस आला असता तर रेघ कुठली, खड्डा कुठवर होता हे पुन्हा सांगत बसावं लागलं असतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये झाडावर १७ झावळ्या आहेत, त्यांतल्या पाच नव्या, आणि पाचवी पूर्ण लांबीची, टोकापर्यंत सरळ. जुन्या झावळ्यांच्या बेचक्यांतल्या पोया, म्हणजे फुलोरे, अजून फुटतायत, त्यामुळे नारळ मिळतायत. पण माडाची पोय झावळीच्या बेचक्यात येते आणि तिचा गर्भ झावळी बाहेर पडायच्या कितीतरी आधी आत धरलेला असतो. जी पानं कुजीत गेली त्यांच्या पोयाही गेल्या. तेव्हा पुढच्या वर्षी काही महिने हा माड रिकामा दिसेल. काकांना ते आत्ताच सांगून ठेवलंय. लाल रेघ मारलेली झावळी मागच्या आठवड्यात आपसूक गळून पडली. देठ धुऊन परड्याच्या भिंतीला टेकवून ठेवलाय, मामांना पुढच्या खेपेला दाखवायला.